दुप्पटसाहेबांची साक्ष

माल उचलण्याच्या साखळ्या तपासण्यात त्यांची चौतीस वर्षे गेली. साखळीवर नेमलेल्या वजनाच्या दुप्पट वजन टांगायचे, मग एकेक कडी भिंगाखाली न्याहाळायची. निर्दोष ठरली तरच सही. कारखान्यात त्यांचे नावच दुप्पटसाहेब पडले होते.

वर्षभरापूर्वी पत्नीची दृष्टी गेली. रविवारच्या उपासनेत साक्ष द्या, देवाने आयुष्यात काय केले ते सर्वांसमोर सांगा, असे चर्चच्या पाळकांनी सुचवले, तेव्हा साहेब पेचात पडले. देवाचे आभार मानायचे, तर मनापासून मानता यायला हवेत. अखेर शनिवारी त्यांनी रीतसर मुद्दे काढले आणि पत्नीला वाचून दाखवले.

"पहिला मुद्दा. देवाने दुप्पट भार टाकून आमची परीक्षा पाहिली..."

"थांबा," मटार सोलणारे तिचे हात थबकले. "तुम्ही साखळ्या का तपासायचात?"

"अगं, आतली चीर वरून दिसत नाही म्हणून."

"मग देवाला काय भिंग लागतं? माझ्या चिरा त्याला आधीच ठाऊक आहेत की!"

साहेबांनी कागदाची घडी घातली. त्यांनी हळूच विचारले, "मग डोळे गेले कशासाठी?"

"नाही ठाऊक. रोज विचारते त्याला. कधी कडकडून भांडते. पण अहो, भांडायला तो जवळ असतो, हे काय थोडं आहे?"

सकाळी चर्चच्या दाराशी त्यांनी सवयीने सांगितले, "तीन पायऱ्या." दुरुस्तीत चौथी वाढली होती, ती त्यांनी पाहिलीच नाही. तिचा पाय अडखळला, तोल गेला; पण साहेबांनी दंड घट्ट धरला होता. ते घामाघूम झाले. ती मात्र खुदकन हसली.

"इतकी वर्षं सह्या केल्यात आणि चार पायऱ्या मोजता येईनात! जाऊ द्या, हात सोडला नाहीत ना?"

साक्षीची वेळ आली. मुद्द्यांचा कागद खिशातच राहिला.

"आमच्यावर हे का आलं, ते मला सांगता येत नाही," साहेब म्हणाले. "मी तशी कारणं लिहून आणली होती. पण वर्षभर आम्ही पडता पडता वाचलो. कोणीतरी धरून ठेवलं होतं. प्रभूचे आभार."

एवढे बोलून ते खाली बसले. तिने चाचपडत त्यांचा हात शोधला.

परतताना पायरीशी ती थांबली. "किती?"

"चार."

"दोनदा मोजल्यात?"

"मोजल्या."

"मग शोभताय खरे दुप्पटसाहेब!" म्हणत तिने निर्धास्त पाऊल टाकले.