दिलेली विळी

मित्रांनो, आधी पाय जरा आवरून बसा. माझ्याजवळ मोठी माणसंसुद्धा जपून येतात. मी विळी आहे. जुनी आहे, पण बोथट म्हणाल तर खबरदार!

माझं पातं सांगलीच्या एका लोहाराने घडवलं. खालचा पाट बाभळीचा. पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती आहे. सुरी हातात धरतात, पण माझ्यापुढे माणसाला जमिनीवर बसावं लागतं आणि भाजी माझ्याकडे आणावी लागते. त्यामुळे मला थोडा ताठा आहे, तेवढा चालवून घ्या.

१९७१ साली मालिनी लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, म्हणजे सुमित्राबाईंनी, मला टॉवेलात गुंडाळून तिच्या बॅगेत घातलं. "घेऊन जा हो ही. तिकडे मिळायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मालिनीने वाकून नमस्कार केला. मी मात्र बॅगेत फुगून बसले. घरातली एवढी भांडीकुंडी सोडून सासूबाईंनी सुनेला मला दिलं, म्हणजे मी काही साधीसुधी नव्हे!

विमानतळावर कस्टम्सच्या माणसाने मला उलटसुलट करून पाहिलं. हे काय आहे, ते इंग्रजीत सांगणं मालिनीला काही जमेना. ती सरळ तिथल्या फरशीवर बसली आणि रिकाम्या हातांनी नारळ खवून दाखवला. तो हसला आणि त्याने बॅग बंद केली.

तिकडे पिस्कॅटवे नावाच्या गावी पहिली आठ वर्षं मी फार सुखात काढली. शनिवारी कुणाकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकीने एकेक पदार्थ करून न्यायचं जेवण, असलं की ओळखीच्या तीन-चार बायका मालिनीच्या किचनमध्ये जमायच्या. खाली रविवारचा जाडजूड पेपर पसरायचा, मधोमध मी. कोबी मी असा बारीक चिरायची की बघतच राहावं. "काय धार आहे गं!" असं कुणी म्हटलं की मालिनी म्हणायची, "आईंनी दिलीय." ऐकून मला अगदी धन्य वाटायचं.

मग १९७९ साली फूड प्रोसेसर आला. काय त्याचा आवाज! दोन कांदे चिरायला एवढा आरडाओरडा कशाला, मला काही कळलं नाही. खवलेला नारळही इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन मिळू लागला. त्यात मालिनीचे गुडघे कुरकुरू लागले. मला टॉवेलात गुंडाळून बेसमेंटमध्ये ठेवलं गेलं, आणि तिथे मी सात वर्षं पडून राहिले. खोटं कशाला बोलू? फार वाईट वाटलं मला.

१९८६ च्या मे महिन्यात मालिनीचे यजमान दिगंबर यांना नवी नोकरी लागली आणि घर वेस्ट विंडसरला हलवायचं ठरलं. मालिनीने हॉलमध्ये तीन ढीग केले. न्यायचं, द्यायचं आणि टाकायचं. मी सकाळी पहिल्या ढिगात होते, दुपारी दुसऱ्यात आणि चहाच्या वेळी पुन्हा पहिल्यात.

"आई, धिस थिंग इज डेंजरस!" मालिनीची लेक उत्तरा म्हणाली. ती बारा वर्षांची होती.

"अगं, पण आजींनी दिलीय ती. टाकायची कशी?"

"दह्याचे साठ रिकामे डबे न्यायचे आणि विळी न्यायची की नाही, यावर दिवस घालवायचा," दिगंबर म्हणाले.

"डबे लागतात!" मालिनी फणकारली.

त्यांच्या ओळखीत एक रीत होती. घर बदलणारे लोक युनिव्हर्सिटीतल्या मराठी मुलामुलींना रविवारी जेवायला बोलवायचे आणि गाद्या, दिवे, पातेली त्यांना देऊन टाकायचे. नागपूरहून केमिस्ट्री शिकायला आलेली सुमेधा त्या रविवारी आली होती. तिने मला पाहिलं मात्र, ती पटकन खालीच बसली. "काकू, ही पण द्यायची आहे?"

मालिनीने मला ढिगातून उचलून तिच्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "ने बाई. वापर."

मित्रांनो, माझे दिवस पालटले! सुमेधाच्या अपार्टमेंटमध्ये एकच सुरी होती, आणि तिने टोमॅटोसुद्धा धड कापला जात नसे. लॅबमधून आली की सुमेधा रेडिओ लावून माझ्यापुढे बसायची आणि मनातलं सगळं बडबडायची. सरांनी पुन्हा नाकारलेला रिपोर्ट, घरची आठवण, सगळं. मेथी चिरता चिरता एकदा ती खूप रडली. मग डोळे पुसून तिने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तेवढ्यात मालिनीला सांगलीहून पत्र आलं, हे मला मागाहून कळलं. सुमित्राबाई पहिल्यांदाच अमेरिकेला येणार होत्या, तीन महिन्यांसाठी. मालिनीला एकच काळजी लागली. आईंनी विळी कुठे आहे म्हणून विचारलं तर काय तोंड दाखवायचं? तिने लगेच सुमेधाला फोन केला.

"अगं, सासूबाई येतायत. तेवढ्यापुरती..."

"तेवढ्यापुरती कशाला काकू? तुमचीच आहे, ठेवूनच घ्या," सुमेधा म्हणाली. तिने मला घासलं, पुसलं, तेलाचा हात लावला. मालिनी मला घेऊन निघाली तेव्हा ती दारात हसत उभी होती. पण मी तिला रोज बघत होते ना! तिचं ते हसू काही खरं नव्हतं.

सुमित्राबाई आल्या. दुसऱ्याच दिवशी मालिनी त्यांच्यासमोर मला घेऊन नारळ खवायला बसली. गुडघा दुमडेना, नारळ हातात ठरेना. शेवटी व्हायचं तेच झालं. तिचं बोट माझ्या दातांवर घसरलं आणि रक्त आलं.

"अगो बाई! कुणी सांगितलं होतं खाली बसायला?" सुमित्राबाईंनी तिचा हात नळाखाली धरला. "आणि हे धूड तू अजून ठेवलंयस?"

"तुम्ही दिली होती ना, आई."

"दिली होती कसली! घरात चार विळ्या होत्या. ही कपाटाखालून बाहेर यायची आणि जाता-येता माझ्या अंगठ्याला लागायची. म्हटलं, बरी संधी आहे, दे पाठवून अमेरिकेला! मी तर मिक्सर आल्याबरोबर माझीसुद्धा शेजारच्या मीनाक्षीला देऊन टाकली."

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! पंधरा वर्षं मी मानाचं पान म्हणून मिरवत होते, आणि मी होते अडगळ! मालिनी आधी बघतच राहिली. मग हसत सुटली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, तुम्ही रागवाल म्हणून मी हिला परत मागून आणलं हो," असं म्हणत तिने सुमेधाची सगळी हकिकत सांगितली.

मला वाटलं, आता सुमित्राबाईसुद्धा हसतील. पण त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"मालिनी, परक्या मुलखात एकटी राहते ती पोर. तिची विळी तू काढून आणलीस?"

मालिनीने बोटाला पट्टी बांधली आणि गाडीची किल्ली उचलली. सुमित्राबाई मला मांडीवर घेऊन शेजारी बसल्या. सुमेधाने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात तीच बोथट सुरी होती.

"चुकलं माझं," मालिनी म्हणाली. "तुझी विळी घे."

सुमेधाने सुरी बाजूला ठेवली. तिने मला दोन्ही हातांनी घेतलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. अडगळ म्हटल्याचा राग मला आठवडाभर होता, मग कामाच्या गडबडीत तो विसरून गेले. माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरी आवराआवर निघाली आणि कुणाच्या धाकाने एखादी वस्तू तशीच पडून असली, तर ज्यांनी ती दिली त्यांना एकदा विचारून तरी बघा. आणि कुणाला द्याल ती वस्तू मनातूनही देऊन टाका.

चला, सुमेधा आली. आज वांगी आणलीत तिने.