मागच्या दाराचा दिवा

"या सोलर दिव्याच्या पॅनेलला ऊनच मिळत नाहीये, दादा. तुझ्या नव्या मजल्याची सावली दिवसभर इथंच पडते. बॅटरी चार्ज होणार कशी?" शिडीवरून धाकटा म्हणाला.

"मग सेलवाला आणायचा का, भावजी?" वहिनींनी विचारलं.

"माणूस हलला की तो पेटणार, मांजर गेलं तरी पेटणार. सेल टिकायचे नाहीत. बदलायला दर वेळी शिडीवर कोण चढणार? सरळ व्हरांड्यातल्या बोर्डातून वायर ओढतो. वीज गेली तर बंद राहील, तेवढंच."

धाकटा वायरमन होता. वाटणीत मागच्या दोन खोल्या त्याला मिळाल्या, पुढचं घर दादाला. अंथरुणाला खिळलेली आई दादाकडे राहिली. रोज संध्याकाळी काम आटोपलं की धाकटा अंगण ओलांडून मागच्या दाराने आत जायचा. तिला चार घास भरवायचा, पाय चेपून द्यायचा.

भिंतीला भोकं पाडून त्याने पाइप ठोकला, वायर ओवली, बोर्डात जोडली.

"दिवा विझलेला असला तरी थोडी वीज खाणार हं," तो हसून म्हणाला. "हालचाल टिपणारा त्याचा डोळा कायम जागा ठेवावा लागतो. तोंड कुठं करू? फाटकाकडून येणाऱ्या वाटेकडे?"

वहिनींनी त्याच्या खोल्यांकडे बोट दाखवलं.

"तिकडून तर आम्हीच येतो, वहिनी."

"आईंची पाटली सापडत नाहीये," त्या म्हणाल्या. "आम्ही कुणाचं नाव घेत नाही."

धाकट्याने दादाकडे पाहिलं. दादा पाइपावरची धूळ बोटाने पुसत होता.

"तूही असंच म्हणतोस?"

"लावून टाक रे," दादा म्हणाला. "उगाच वाढवू नकोस."

धाकट्याने दिवा आपल्या दाराकडे वळवला आणि स्क्रू करकचून आवळले.

अंधारून आल्यावर दादा म्हणाला, "जरा चालून दाखव."

धाकटा आपल्या उंबऱ्यापासून निघाला. अर्ध्या अंगणात पांढराशुभ्र झोत तोंडावर आला. त्याने डोळ्यांवर हात धरला.

आतून आईचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"कोणी नाही, आई," वहिनी म्हणाल्या. "लाइटवाला आहे."

धाकट्याने खाली वाकून वायरचे तुकडे वेचले, मुठीत धरले. मग शिडी खांद्यावर घेतली आणि मागच्या दाराकडे न बघता, गवंडी-सुतार जातात तसा, पुढच्या फाटकातून बाहेर पडला.