पाण्याची पाळी

मला राग पटकन येतो. धसईच्या बाजारात कुणालाही विचारा. सुदाम म्हटलं की लोक आधी हसतात, मग जरा लांब उभे राहतात. पण देवजीवर मी आयुष्यात कधी चिडलो नव्हतो. शाळेत एका बाकावर तो, मी आणि हरेश. पुढं हरेशनं शहापूरला दुकान टाकलं, देवजी कल्याणला नोकरीला गेला, मी शेतातच राहिलो. म्हणून फेब्रुवारीत देवजीचा फोन आला, "चल रे, तिघं केळव्याला जाऊ, दर्यावर," तेव्हा भेंडीची तोडणी बायकोवर टाकून मी निघालो. कमळच म्हणाली, "जा हो. रान सोडून कधी कुठं जाता तुमी?"

गाडी देवजीची, खोली देवजीनं ठरवलेली. सुरूच्या सावलीत बसलो, पॅन्टचे पाय दुमडून लाटांत शिरलो. पन्नाशीला आलेले तीन बाप्ये! हरेश लाटेत उताणा पडला तेव्हा हसून हसून माझं पोट दुखलं. देवजी मात्र गप्प. मी म्हटलं, "काय रे, आत्तापासनं बायकोची आठवण येते काय?" तो कसंनुसं हसला.

दुपारी ताटात तळलेले बोंबील आले. हरेशनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "सुदाम, भेंडीला आता पाणी कुठनं आणणार?"

"कुठनं म्हणजे? विहिरीतनं."

"कुठल्या विहिरीतनं?"

मला वाटलं, गंमत करतोय. आमची विहीर त्याला काय नवीन? माझ्या बापानं आणि देवजीच्या बापानं मिळून खणलेली, पण देवजीच्या जमिनीत. आठवड्यातले चार दिवस पाण्याची पाळी त्यांची, तीन दिवस आमची. सगळं तोंडी. दोघं बाप गेले तरी कुणी त्यात बोट घातलं नाय. त्या पाण्यावर माझी भेंडी, आणि भेंडीवर घर.

हरेशनं देवजीकडं बघितलं. देवजीनं मान खाली घातली.

"देवजीनं जमीन विकली ना," हरेश म्हणाला. "विहिरीसकट. बंगलेवाल्यांना."

माझा हात तोंडाजवळच राहिला. मग मी ताट ढकललं आणि उठलो.

"हरामखोरा! माझ्या बापाचा घाम हाय त्या विहिरीत! मला न विचारता विकलीस?"

शेजारची माणसं ताटं घेऊन बाजूला सरकली.

"थांब रे सुदाम," हरेश घाबरला. "तुला माहीत नाय असं कसं? आपण दोघांनीच तर साक्षीला सह्या केल्या. मला वाटलं, तू राजी हायस."

सह्या? जानेवारीत देवजीनं मला मुरबाडला कचेरीत बोलावलं होतं. म्हणाला, "कागद करायचाय, साक्षीला ये." त्यांच्या भावाभावांत वाटणीचं चाललंय हे सगळ्या गावाला ठाऊक. मला वाटलं, तोच कागद. फोटो काढला, अंगठा दिला, सही ठोकली, आणि वडापाव खाऊन दुपारच्या एसटीनं घरी आलो.

"तू फसवलंस मला," मी म्हटलं.

"नाय रे." देवजीच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. "तुझी पाळी कागदात लिवा म्हणून मी बंगलेवाल्यांच्या पाया पडलो. ते ऐकेनात. तुला तोंडानं सांगायची माझी हिंमत झाली नाय. म्हणून कागद तुझ्या हातात दिला, वाच म्हटलं. तीनदा म्हटलं. तू वाचून माझी गचांडी धरली असतीस, तर मी तो तिथंच फाडला असता."

तीनदा. देवा रे, खरं होतं. तिसऱ्यांदा मी काय बोललो तेही आठवलं. सगळ्या लोकांसमोर छाती काढून म्हणालो होतो, "देवजीचा कागद मी वाचायचा? आण ते पेन!"

देवजी अजून बोलतच होता. "आज ते विहिरीवर यायचे हायत. तू तिथं असतास तर डोकी फुटली असती. म्हणून तुला इकडं आणलं."

तेवढ्यात फोन वाजला. कमळ.

"अहो, दोन माणसं आल्यात. विहिरीला जाळी मारतात, मोटार काढा म्हणतात. कागद झालाय म्हणे. मी ठणकावून सांगितलं, आमचे देवजीभावजी असं करणार नायत, त्यांना कुणीतरी फसवलंय. तुमी आरडाओरडा करू नका हां. भावजी बाजूलाच हायत ना? नीट विचारा त्यांना."

"कमळ, मोटार काढून घे."

"अहो, पण विचारा तरी!"

"काय विचारू? साक्षीला सही माझीच हाय. कागद न वाचता केली."

ती आरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच विचारलं, "पण तुमाला तर वाचता येतं ना?"