काठीपलीकडचं साळक

“वयनीनू, त्या काठयेच्या पलीकडे होडी न्हेव नकात. थंय पक्षी अंड्यांवर बसलोहा. बापूस बसलोहा, आवय नाय.”

दादूचं ते बोलणं अजून कानात आहे. मयेच्या तळ्यावर पायाने चालवायच्या होड्या तो सांभाळायचा. पलीकडे साळकांची, म्हणजे कमळांची, पानं दाट होती. तिथे त्याने एक बांबू रोवून वर लाल फडकं बांधलं होतं.

“बापूस अंड्यांवर बसता? मगे आमच्या दादाक हाडून दाखवया,” सुविधा म्हणाली. ही माझी नणंद, म्हापशाहून आली होती. ह्यांना इथे आणून दाखवायचं म्हणून मीही हसले.

गोवा वेगळं राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीचा श्रावण. माझा नेम होता: रोज एक साळक महादेवाला वाहायचं, तोवर पाणीही प्यायचं नाही. एरवी काठाजवळ मिळायचं. त्या रविवारी सहलीला आलेल्यांनी काठावरची सगळी खुडून नेली होती. अकरा वाजून गेले होते. काठीपलीकडे मात्र एक टपोरं साळक उमललेलं होतं.

“वयनी, आज नेम मोडतलो तुझो,” सुविधाने चिडवलं.

“जरा पुढे घे,” मी म्हटलं. हे मीच म्हटलं, तिने नव्हे.

होडीचं नाक पानांत घुसलं. मी वाकून देठ ओढला तशी आजूबाजूची पानंही ओढली गेली. लांब शेपटीचा एक पक्षी ओरडत उठला आणि पंख मोडल्यासारखा आमच्यापुढे पाण्यावर लोळू लागला. मग पानावरची अंडी दिसली. चार होती, तपकिरी, तेल लावल्यासारखी तुळतुळीत. एकामागून एक तीन पाण्यात गेली. चौथं पानाच्या कडेला क्षणभर थांबलं. माझ्या हातात फूल होतं. तो हात मी रिकामा केला नाही.

ते फूल मी देवाला वाहिलं. पाणीही प्यायले. संध्याकाळी जपाला बसले, पण मणी पुढे सरकेना.

सकाळी तळ्यावर गेले. “दादू, ती अंडी माझ्यामुळे गेली.”

“माका खबर आसा. काठार्‍सून बघलंय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी देवाक फूल न्हेत होतास. कसा बोलतलंय?”

त्याने रागवायला हवं होतं. मला मान वर करवेना.

मग तोच म्हणाला, “परत घरटा करतलो तो. थंयच. पण आयतवाराचे लोक माझा आयकनत नाय. तळा तुझ्या बापाशीचा काय, म्हणतत.”

“मी येईन. घरटं होईस्तोवर, पिल्लं चालायला लागेस्तोवर, दर आयतवारी. मी सांगेन त्यांना.”

दादू हसला. “तुमी? तुमचो आवाज देवाक तरी आयकाक येता?”

पुढच्या रविवारी अंगणातलं तगरीचं फूल देवाला वाहिलं आणि क्षमा मागितली. छत्री घेतली.

“खंय चललीस?” ह्यांनी विचारलं.

“तळ्यावर. दादूला शब्द दिलाय.”

वाटेत कोणी नव्हतं. “काठीच्या पलीकडे होडी नेऊ नका,” मी म्हणून पाहिलं. माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. चालता चालता पुन्हा म्हटलं.