पात्याची रुंदी

धारवाल्याने पात्याची कड अंगठ्याच्या नखावर टेकवली आणि हलकेच पुढे ढकलली. बोथट पातं नखावरून घसरतं. हे जागीच रुतलं. त्याने दुसरं उचललं. तेही रुतलं. उरलेल्या दोन पात्यांना त्याने हात लावला नाही, नुसता कपडा बाजूला सारून पाहिलं. गेल्या खेपेला त्यानेच चोळलेलं तेल पात्यांवर तसंच होतं, आणि त्या तेलाला भुशाचा एक कणही चिकटलेला नव्हता.

समोर स्टुलावर त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा बसला होता. सुतारकामाचा कारखाना असलेला, पोट सुटलेला, खोटं बोलायची सवय नसलेला माणूस. म्हणूनच आज तो जरा जास्त बोलत होता.

"पार वाट लागली बघा पात्यांची," दाजी म्हणाले. "जुन्या सागाचं काम आलं होतं. त्यात खिळे कुठे कुठे राहिले होते, कोण जाणे."

"खिळे लागले?"

"म्हणजे काय. ठिणग्या उडाल्या, ठिणग्या."

खिळा लागला की पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या खाचेची रेघ उमटते. हे दाजींना ठाऊक होतं, धारवाल्यालाही. पात्यांची कड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड चमकत होती.

"बरीच खराब झालीत," धारवाला म्हणाला.

दाजींच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांनी चहाचा विषय काढला.

मागे याच स्टुलावर बसून त्यांनी सल्ला विचारला होता. रंध्याच्या मशीनमध्ये गरगर फिरणारा जो ब्लॉक असतो, तो लांब पात्यांचाच ठेवावा की नवा स्पायरल घ्यावा? स्पायरलला लांब पाती नसतातच. बटणाएवढे चौकोनी तुकडे मळसूत्री ओळीत स्क्रूने बसवलेले असतात. एक कड गेली की तुकडा फिरवायचा, चारही गेल्या की फेकून द्यायचा. धार लावणं हा प्रकारच नाही. धारवाल्याला हे विचारणं म्हणजे न्हाव्याला 'दाढी वाढवू का' विचारण्यासारखं होतं. त्याने स्पायरलचे दोष मन लावून सांगितले. एवढे सगळे स्क्रू कोण आवळत बसणार; तुकड्याखाली चिमूटभर भुसा राहिला तरी फळीवर चरे पडणार; आणि लांब पात्याची झळाळी ती येणार नाहीच. यातलं खोटं काही नव्हतं. फक्त आवाज निम्म्यावर येतो, गाठीच्या लाकडाचे टवके उडत नाहीत आणि कुणाच्या दारात पाती घेऊन जावं लागत नाही, एवढंच सांगायचं राहून गेलं.

"तुमचंच खरं," दाजी तेव्हा म्हणाले होते.

बाकीचे कारखानदार विचारायलाही आले नव्हते; त्यांनी सरळ स्पायरल बसवले. आता दुकानात कात्र्या यायच्या, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या यायच्या, आणि अधूनमधून ही चार पाती.

"मशीनचा आवाज काय म्हणतोय?" धारवाल्याने विचारलं.

"आवाज ना? कान किटतात," दाजी हळू आवाजात म्हणाले.

पूर्वी मशीन बंद करून आलेले दाजी कितीतरी वेळ ओरडूनच बोलत. मेव्हण्या-दाजींचं पुन्हा वाजलं, असं शेजारचा शिंपी म्हणायचा. आज ते मुलगी बघायला आल्यासारखे बोलत होते. त्यांच्या स्वेटरवर लाकूड होतं, पण लांब पात्याची रुंद, कुरळी साल नव्हे. कोंड्यासारखा बारीक चुरा, बटणाएवढ्या कडांनी काढलेला.

"धाकटी बरी आहे ना?"

"एकदम. तिनेच सकाळी आठवण केली. पाती बोथट झाली असतील, दादाकडे नेऊन या म्हणाली."

बोलून गेल्यावर दाजी चहाच्या कपात पाहू लागले.

शिंका येतात म्हणून धाकटी कधी कारखान्याची पायरी चढली नव्हती. तिथली पाती बोथट झाल्याचं तिला घरबसल्या कळू लागलं होतं. मागे तिने गव्हाचं पोतं पाठवलं, तेव्हा धारवाल्याने ते टेम्पोतून खालीही उतरू दिलं नव्हतं. 'माझे हात अजून चालतात म्हणून सांग तिला,' असा उलट निरोप दिला होता. तो तिने नीट ऐकला होता, असं आता दिसत होतं.

धारवाल्याने कपड्याची टोकं गोळा केली आणि गाठ मारायला घेतली. दाजी कप हातात धरून बघत राहिले. समोरच्या फळीवर एकेकाळी कारखान्यांची पाती नंबर लावून पडलेली असत. आता तिथे बिनमुठीची एक सुरी होती. तिची मालकीण विसरली असावी. त्याने गाठ सोडली.

"घाई आहे का?"

"छे. बसतो की."

त्याने पहिलं पातं मशीनच्या पाटावर आवळलं, पाणी सोडलं, दगड सुरू केला आणि चाक फिरवत तो खाली आणू लागला. धार लावली की पात्याची रुंदी केसभर कमी होते. एकाची झाली की चारही पात्यांची तेवढीच करावी लागते, नाहीतर ब्लॉक थरथरतो. असं करता करता एक दिवस पातं इतकं अरुंद होतं की ब्लॉकमध्ये धरायला जागा उरत नाही. मग ते भंगार. गेल्या दोन खेपांना त्याने नखावर पाहिलंच नव्हतं. घरी चालून आलेल्या कामाची कोण परीक्षा घेतो? म्हणजे दोन्ही वेळा त्याने चांगली धार खरवडून तिच्या जागी चांगली धार लावली होती.

दगड पात्यापासून केसभर वर आला, तिथे त्याने चाक थांबवलं.

दगड फिरत राहिला. पाणी पडत राहिलं. ना ठिणगी, ना खरखर. पोलादाला दगड लागल्यावर कसा आवाज होतो, हे अर्धं आयुष्य या स्टुलावर काढलेल्या दाजींना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी रिकामा कप तोंडाला लावला. धारवाल्याने पातं सोडवलं, पुसलं, तेल चोळलं आणि दुसरं आवळलं. मग तिसरं. चौथ्याला तर त्याने दोनदा वाकून कड तपासली.

कपड्याची गाठ त्याने घट्ट मारली. दाजींनी नोट तेलाच्या डब्याखाली सरकवली आणि ते उठले.

"अजून किती चालतील ही?"

धारवाल्याने ओले हात पँटला पुसले.

"जपून धार लावली तर माझ्यानंतरही उरतील."

दाजींनी गाठोडं काखेत मारलं. पायरी उतरून ते थांबले, पण वळले नाहीत.

"मग जपूनच लावत जा, मेव्हणे," ते म्हणाले.