दुर्गाबाईंची माकडाशी परीक्षा

सिहोऱ्याच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर केशवराव म्हणजे नसत्या चौकशांचे धनी. परदेशात माणसाची आणि चिंपांझीची स्मरणशक्ती ताडून पाहतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. चिंपांझी काही तुमसर तालुक्यात मिळायचा नव्हता. पण बाजाराच्या दिवशी ईश्वर मदारी माकड घेऊन आला, आणि माणूस तर घरातच होता: त्यांची आई, दुर्गाबाई.

आईचं डोकं खरंच चालेनासं झालंय का, हे त्यांना एकदाचं कळायला हवं होतं. दोनदा दूध उतू जाऊन जळलं, तेव्हा शोभाताईंनी, म्हणजे सुनेनं, चूल आपल्या ताब्यात घेतली. तेव्हापासून म्हातारी ओसरीवर नुसती बसून असे.

अंगणात पळसाच्या पानांचे सहा द्रोण पालथे घातले. सगळ्यांच्या देखत त्यातल्या तीन द्रोणांखाली शेंगदाणे ठेवले. मध्ये धोतराचा पडदा धरला, थोड्या वेळानं काढला. माकडानं तिन्ही द्रोण बरोब्बर उलटले. दुर्गाबाईंना एकच सापडला. जमलेली पोरं खिदळली. आईला आपणच चव्हाट्यावर आणलं, म्हणून केशवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता त्याच्यासाठी गोटे ठेव," म्हातारी ईश्वरला म्हणाली.

गोटे ठेवले, तर माकड भलतेच द्रोण उलटत सुटलं.

"पाह्य! गोट्याचं त्याले काय काम? अन् शेंगदाण्याचं मले काय काम? तोंडात दात तरी हाय का? तंबाखू ठेव."

तंबाखूच्या पुड्या ठेवल्या. पडदा हटला, आणि तिन्ही पुड्या म्हातारीच्या मुठीत! केशवराव उडालेच. म्हणजे ही आठवण म्हणायची की भूक? त्यांना आणखी दहा प्रश्न सुचले.

शोभाताई मात्र हसल्या नाहीत. "मंग आई, दूध कसं इसरता?"

दुर्गाबाईंनी पुड्या खाली ठेवल्या.

"इसरली नाही वं पोरी. तुह्या मामाजीच्या चहाले दूध ठेवलं, अन् मंग ध्यानात आलं का ते आता नाहीत. दोन्ही खेपा. तेच आठवत बसली, अन् दूध गेलं."

मामाजी, म्हणजे केशवरावांचे वडील, जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. केशवराव दहाही प्रश्न सोडून अंगणातले द्रोण गोळा करू लागले.

संध्याकाळी शोभाताईंनी चूल पेटवली आणि दुधाचा गंज सासूपुढे सरकवला.

"ठेवा तुम्हीच. मी बाजूले बसते. मामाजीले चहा कसा लागे, ते सांगा."

दुर्गाबाई सांगू लागल्या. सांगता सांगता दूध पुन्हा उतू गेलं. दोघीही तिथंच बसल्या होत्या.