पिस्तुलावरची चुगलखोर पट्टी

मी एक पट्टी बोलतेय. केसांतली नव्हे, फूटपट्टीही नव्हे. पिस्तुलाच्या पाठीवर बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी पोलादी पट्टी. इंग्रजीत मला 'लोडेड चेंबर इंडिकेटर' असं भारदस्त नाव आहे. काम मात्र एकच. नळीच्या मागच्या टोकाला, उडायच्या जागी, गोळी बसली की मी डोकं वर काढते आणि माझं तांबडं अंग दिसतं. गोळी नसली की गुमान आडवी पडते.

जन्म कारखान्यातला. तिथल्या माणसानं मला शंभरदा वर-खाली करून पाहिलं. एवढं लक्ष पुन्हा कुणी दिलं नाही.

मग मी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात आले, हैबतरावांकडे. खडीच्या खाणीचे मालक. पेणच्या कुणीतरी धमकी दिली म्हणून त्यांनी परवाना काढला. पुढे त्याच धमकी देणाऱ्याच्या मुलाशी, रितेशशी, हैबतरावांची मुलगी प्रणिता लग्न करून मोकळी झाली. व्याही गळ्यात गळे घालतात, पिस्तूल मात्र घरातच राहिलं.

बावीस वर्षांत आमच्यातून एक गोळी सुटली नाही. कपाटात पडायचं, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायचं आणि दसऱ्याला पाटावर बसायचं. हैबतरावांच्या बायको कृष्णाबाई हळद-कुंकू लावतात, त्यांचं बोट नेमकं माझ्यावर टेकतं. मग हैबतराव मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची डबी, काढतात, पंख्याकडे नेम धरून चाप ओढतात, 'टक्' वाजतं आणि पूजा संपते. माझ्याकडे बघतील तर शपथ.

यंदा घोळ झाला. निवडणूक आटोपून पिस्तूल घरी आलं. गंजलं तर नाही ना, म्हणून हैबतरावांनी मॅगझीन घातलं, वरचा भाग मागे खेचून सोडला. एक गोळी वर सरकून नळीत बसली. तेवढ्यात फोन वाजला आणि आम्ही तसेच कपाटात गेलो. महिनाभर मी तिथं डोकं वर काढून उभी. बघणार कोण, डांबरगोळ्या?

दसरा उजाडला. जावई पहिल्यांदाच सणाला आलेले. हैबतरावांनी ऐटीत मॅगझीन काढून पाटावर ठेवलं आणि पिस्तूल रितेशच्या हातात दिलं.

"जावईबापू, यंदा मान तुमचा. ओढा चाप."

"मामा, रिकामं हाय ना?"

"मॅगझीन तुमच्यासमोर काढलं. घाबरता कशाला?"

रितेश पेणला गणपतीचे डोळे रेखतो. ब्रश धरला की हात हलत नाही, पण पिस्तुलाचा भार त्याला पेलेना. पंख्याकडे जायची नळी खाली आली आणि हैबतरावांच्या नव्या सदऱ्याच्या तिसऱ्या बटणावर थांबली. मला घाम येत नाही म्हणून बरं, नाहीतर तिथंच गंजले असते. होती नव्हती तेवढी ताठ झाले. कुणी बघेना.

"थांबा, कुंकू राह्यलंय," म्हणत कृष्णाबाई पुऱ्या टाकून धावत आल्या. बोट माझ्यावर टेकलं आणि तिथंच राहिलं.

"हे आज टोचतंय."

"गंज असंल," हैबतराव म्हणाले.

"नाय. दरसाली सपाट लागतं. आज वर आलंय." त्यांनी जावयाचं मनगट धरून नळी भिंतीकडे वळवली. "बापू, चापावरचं बोट काढा आधी."

"अगो, मॅगझीन भायेर हाय. गोळी येईल कुठनं?"

"सिलिंडर काढला तरी नळीत उरलेला गॅस पेटतो की नाय?"

माहितीपुस्तिकेत माझ्यावर अडीच पानं आहेत. एवढं सोपं त्यात कुणी लिहिलेलं नाही.

हैबतरावांनी तोंड वाकडं करत पिस्तूल घेतलं, वरचा भाग मागे खेचला. गोळी टुणकन उडून आपट्याच्या पानांत पडली. मी आडवी झाले.

रितेश पाटावर बसला, तोही हळद-कुंकवाच्या ताटात. "मी तुमची परीक्षा बघत होतो," हैबतराव म्हणाले. मग त्यांची नजर स्वतःच्या तिसऱ्या बटणावर गेली आणि त्यांनी ते बटण चाचपलं. पाणी मागितलं, ते अर्धं सदऱ्यावर सांडलं. इतकी वर्षं त्यांच्यावर चिडून होते मी, पण त्या दिवशी मला त्यांची कीव आली.

आता आम्ही ठाण्यात कायमचे जमा होतोय, तेव्हा हा निरोपच समजा. पिस्तूल कुणाच्याही हाती येवो, नळी माणसापासून लांब आणि बोट चापापासून लांब. मग मला चाचपा. पण माझ्या एकटीच्या भरवशावर राहू नका; मळ साचला तर मीही अडकून खोटं बोलेन. उघडून आत डोळ्यांनी बघा.

आज निघताना हैबतरावांनी तीनदा उघडून बघितलं. रिकामंच होतं. तरी पिशवीत घालताना त्यांचा हात अडला. स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का गो, तूपण चल. तिथं तुझं बोट लागंल."

कृष्णाबाई पदराला हात पुसत आल्या. "माझं कशाला? तुमचं द्या." आणि नवऱ्याचं बोट धरून त्यांनी माझ्यावर टेकवलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मी सपाट पडून होते, सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी हैबतरावांनी बराच वेळ बोट उचललं नाही.